जीपच्या पाठीमागचा उजेड

मला जीप उत्तम चालवता येते, फक्त पुढच्या दिशेने.

मागे घ्यायची वेळ आली की सगळं बिनसतं. गाडीचं बूड एकीकडे जातं, तोंड दुसरीकडे आणि मी घाबरून तिसरीकडेच बघत बसतो. (मी डिचोलीच्या एका शाळेत भूमिती शिकवतो. कोन, त्रिज्या, वर्तुळाचा कंस, सगळं मला फळ्यावर झकास जमतं. फळ्याला रिव्हर्स गिअर नसतो, हा त्यातला मोठा फायदा.) आणि नशीब बघा, माझ्या वडिलांनी आयुष्यभर खनिजाचा ट्रक चालवला! मुळगावच्या खाणीवर माल भरायचा आणि नदीच्या धक्क्यावर ट्रक असा मागे घ्यायचा, की मागचं चाक आणि पाणी यांच्यात चार बोटांचं अंतर राहायचं. चारच बोटं, पाच नाहीत, असं ते अजून ठासून सांगतात. पुढे खाणी बंद पडल्या, ट्रक विकला गेला, बाबांचे गुडघेही संपावर गेले. आता त्यांच्या हाताशी एकच काम उरलं होतं: माझी जीप मागे घेणं.

म्हणजे चालवायचो मीच. बाबा गाडीच्या मागे उभे राहायचे आणि अर्ध्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू व्हायचे.

"येव दी... येव दी... उजवी मार... उजवी रे, जेवतस त्या हाताची!... येव दी... राव!"

येव दी म्हणजे येऊ दे, राव म्हणजे थांब. पण इंजिनाच्या घरघरीत ट्रकवाल्यांचा तोंडावर भरवसा नसतो, म्हणून जोडीला हात. पत्र्यावर दोन थापा म्हणजे ये, एक थाप म्हणजे थांब. डिचोलीत ट्रकवाल्यांच्या घरातली आम्ही पोरं अक्षरओळखीच्या आधी ही भाषा शिकलो. आमच्याकडे ती ताटावरही चालते. बाबांनी ताटाच्या काठावर दोन टिचक्या मारल्या की नीता (ही माझी बायको, माहेर कुडाळचं) आमटी वाढते, एक मारली की डाव वर उचलते. लग्नानंतर आठवडाभर ती बिचारी सासऱ्यांना रागीट समजत होती.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका बाजाराच्या दिवशी माझी जीप भाजीवाल्यांच्या गल्लीत तोंड घालून अडकली. बाबा उतरले, मागे गेले, "येव दी" सुरू झालं. पाव विकणारा पोदेर सायकल टेकवून मदतीला आला. लगेच मिरचीवाली बाय उठली. तिचं बघून लिंबूवाला उठला. पाच मिनिटांत सगळी गल्ली एका सुरात "येव दी, येव दी" करू लागली! शेवटी माझ्याच नववीतल्या एका मुलीची आई काचेपाशी वाकून म्हणाली, "सर, थोडो कोन चुकता तुमचो."

कोन! मला! त्या दिवशी मी ठरवलं की आपल्याला माणूस नको, उजेड हवा. जीपचे मागचे मूळचे दिवे देवापुढच्या निरांजनाएवढे मिणमिणते होते. पाठीमागे चांगले जोरदार दिवे लावले, की संध्याकाळीसुद्धा आरशात सगळं लख्ख दिसेल आणि बाबांना उन्हातान्हात उतरवायला नको. (शेवटचं कारण मी लोकांना सांगायला तयार केलं होतं. खरं कारण तो चुकलेला कोन.)

घरात मात्र मी कॅम्पिंगचं नाव पुढे केलं. पार्सेला माझ्या आईच्या वाट्याची काजूची टेकडी आहे. एप्रिलमध्ये तिथे तंबू ठोकून एक रात्र काढायची, हे नीताच्या मनात कधीपासून होतं. तिचा भाऊ सुहास कुडाळहून येणार होता. तंबूपुढे उजेड हवाच की! मागे घ्यायला आणि तंबूला, दोन्हीकडे तेच दिवे.

सुहासकडे जीप नाही, पण त्याने जीपवरचे इतके व्हिडिओ पाहिलेत की त्याला जीपची गरजच उरलेली नाही. त्याने फोनवर तासभर माझा वर्ग घेतला.

"भावोजी, घेवचो तर मोठोच घ्या. दोन नगां. लांब जाणारो उजेड व्हयो."

"किती लांब?"

"एक किलोमीटर!"

"सुहास, मला दहा फूट मागे जायचंय."

"म्हणान काय झाला? उजेड वाया जाणा नाय!"

मला ते पटलं. आता मागे वळून बघताना (बघणं तेवढं मला जमतं) वाटतं, तिथेच थांबायला हवं होतं.

डिचोलीत गजा नावाचा इलेक्ट्रिशियन आहे. खाणी जोरात होत्या तेव्हा तो अवजड यंत्रांवर दिवे बसवायचा. बाबांचा जुना दोस्त. त्याने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"मास्तर, मागे घेवक व्हये काय तंबूक?"

"दोन्हीला."

"मागे घेवक व्हयो तर ल्हान बरो. पसरट उजेडाचो, तोंड खाली करून. तुका जमीन दिसाक व्हयी, आभाळ नको. आनी तंबूक पिवळो, मंद. धव्या दिव्याक किडे येतत."

"मला मोठे पांढरे हवेत. एक किलोमीटरवाले."

"मागे इमान उतरवचा आसा?"

मी पाकीट काढलं.  माझ्या हट्टाप्रमाणे गजाने यंत्रावर शोभतील असे दोन दांडगे दिवे मागच्या दाराच्या वर बसवले, रिव्हर्स गिअर पडला की आपोआप लागतील अशी जोडणी केली, वेगळं बटणही दिलं, आणि जीप दारात आणून सरळ लावून दिली. जाताना एवढंच म्हणाला, "बापसाक इचारलंस?"

नव्हतं विचारलं. विचारायचं काय त्यात?

आमच्याकडे कुठलीही नवी वस्तू नारळ फोडून गाऱ्हाणं घातल्याशिवाय वापरत नाहीत. बाबा टोपी घालून जीपच्या मागे उभे राहिले, हात जोडले, डोळे मिटले. त्यांच्या मागे मी, नीता आणि आदल्याच दिवशी पोचलेला सुहास.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही.

"आज ह्या तुझ्या लेकरान गाडयेच्या पाठसून दोन दिवे लायले, ते बरे चलांदी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आजपासून तेका मागे माणसाची गरज नाय रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"जो म्हातारो इतकी वर्सां मागे उभो रवान बोंब मारी, तेका आता घराक बसाक सुटी गावली रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

नारळ फुटला. बाबा खोबरं न घेताच आत गेले. नीताने मला कोपरखळी मारली. "अहो, तुम्ही काय ओरडलात कळलं का?" तोवर कळलं नव्हतं. मग कळलं. माणसाकडे एकच काम उरलेलं, तेही मी दोन दिव्यांना दिलं होतं आणि वर देवासमोर होकार भरला होता! मला खरंच वाईट वाटलं. दिवे काढून टाकण्याइतकं मात्र नाही.

पार्सेला यायला बाबा तयारच होईनात. "माजा थंय काम काय? दिवे आसत मरे." शेवटी नीताने त्यांना गळ घातली की तीन दगडांची चूल तिला लावता येत नाही. (तिला येते. कुडाळची आहे ती.) तेव्हा कुठे ते निघाले, तेही पुढच्या सीटवर न बसता मागे, बटाट्यांच्या गोणीशेजारी. वाटेत एक चकार शब्द नाही. मी दोनदा रस्ता चुकलो तरी नाही, म्हणजे बघा.

टेकडीवर पोचेपर्यंत सूर्य बुडाला होता. आमच्या काजूंना लागूनच पुरसोची काजूची दारू, म्हणजे हुर्राक, गाळायची भट्टी आहे. पुरसो म्हणजे आईकडचा लांबचा नातेवाईक, हंगामात तिथेच राहणारा. कातळात कोरलेल्या एका उथळ, चौकोनी खळग्यात काजूची बोंडं पायांनी तुडवून तो रस काढतो. त्या खळग्याला आमच्याकडे कोळंबी म्हणतात. (खायची वेगळी.) त्या संध्याकाळी कोळंबी पिवळ्यातांबड्या बोंडांनी काठोकाठ भरली होती, सकाळी तुडवायला. आणि तिच्या पलीकडे, हातभर अंतरावर, मोठा मातीचा रांजण. त्यात आठवड्याची तुडवण आंबत होती. पुरसोने तो आम्हाला अभिमानाने दाखवला, झाकणावर प्रेमाने हात फिरवला.

मागचे दिवे तंबूवर पडायचे, तर जीपचं बूड तंबूकडे हवं. म्हणजे मागे घेणं आलं. तंबूची जागा डावीकडे, कोळंबी उजवीकडे, मधे चांगली दोन जिपांची वाट. मी जाहीर केलं, "मागे कुणीही उभं राहू नका. गरज नाही!"

"ऐकलंय," बाबा म्हणाले आणि एका दगडावर जाऊन बसले. जीपकडे पाठ करून.

मी रिव्हर्स टाकला.

काय सांगू तुम्हाला! सबंध टेकडी पांढरीशुभ्र झाली. काजूचं पान अन् पान मोजून घ्यावं. खालच्या वाड्यावर एक कोंबडा गोंधळून आरवला! पुरसो भट्टीतून डोळ्यांवर हात धरून बाहेर आला. "मास्तरानू, ह्यो काय प्रकार? माका वाटला सूर्य काय इसारलो म्हणान परत इलो!" सुहास तर हर्षाने नाचायलाच लागला आणि फोन काढून जीपच्या मागच्या दाराशी जाऊन चित्रण करू लागला. मी ऐटीत आरशात पाहिलं. आरशात उजेड होता. उजेडाशिवाय दुसरं काहीही नव्हतं! चाकांनी उडवलेली धूळ त्या झोतात अशी पेटली होती की पांढरा पडदाच. एक किलोमीटरवरचं कदाचित दिसत असेल, दहा फुटांवरचं दिसत नव्हतं.

आणि मग किडे आले. पेडणे तालुक्यात जेवढे किडे राहतात त्या सगळ्यांना निरोप गेला असावा. पाखरं, भुंगे, काहीतरी लांब पायांचं, काहीतरी नुसतंच जाड. दोन-चार आत शिरले तसे मी घाईघाईने काचा वर केल्या. त्यामुळे बाहेरचं ऐकू येणंही बंद.

आता मागच्या दाराच्या कडेला उभ्या असलेल्या सुहासची कल्पना करा. दिव्यांच्या अगदी खाली. किडे दारावर बसायला लागले, चित्रणात मधे मधे यायला लागले. सुहास चिडला. त्याने दारावरच्या एका भुंग्याला हाताने फटका मारला. आता किड्याचं असं असतं, की पहिला फटका त्याला लागत नाही, दुसरा लागतो.

थाप थाप!

मी विचार केलाच नाही. विचार करणारा भाग डोक्यात असतो, ही भाषा माझ्या पायात होती. पायाने क्लच सोडला, जीप मागे गेली.

थाप थाप!

आणखी मागे. कडेकडेने सुहासही किडे मारत मागे. मला तर कौतुक वाटलं. वा रे सुहास! कुडाळचा असून शिकला की! नीता बाजूने हातवारे करत धावत होती. मला वाटलं, किडे हाकलतेय. मीही काचेतून हात हलवला.

थाप थाप! थाप थाप! थाप थाप थाप थाप!

आठ थापांचा अर्थ आमच्या भाषेत नाही. मी तो उत्साह समजलो आणि थोडा वेग वाढवला.

प्रथम एक मऊ आवाज झाला. पचाक! मग जीपचं बूड खाली बसलं आणि काहीतरी पचापच फुटत गेलं. मला वाटलं, तंबूची जागा जरा दलदलीची दिसते. आणि मी जोर लावला!

तेवढ्यात पत्र्यावर एक थाप पडली. एकच, सणसणीत, सबंध हाताची.

माझा पाय ब्रेकवर गेला. मी नेला नाही, गेला. जीप जागच्या जागी खिळली.

काच खाली केली तर बाहेर बाबा. देवळाच्या चार पायऱ्या चढायला दहा मिनिटं घेणारे बाबा त्या दगडावरून धावत आले होते! छाती वरखाली होत होती, हात अजून पत्र्यावर. मी उतरून मागे गेलो. मागची दोन्ही चाकं कोळंबीत, बोंडांचा लगदा, चहूकडे रस. आणि जीपच्या बुडापुढे पुरसोचा रांजण. पुरसो झाकणावर दोन्ही हात ठेवून डोळे मिटून उभा होता. आठवडाभराची मेहनत आणि माझी जीप यांच्यात बाबांनी बोटं घालून पाहिली.

"चार," ते म्हणाले.

"पण बाबा, तुम्ही तर पाठ करून बसला होता!"

"कान खंय पाठ करून बसले होते? खडीवरसून चाक कातळार चडला, थंयच कळला. आनी हो मेवणो तुजो," ते सुहासकडे वळले, "कोणाक पुसून थाप मारता?"

"मी? मी किडे मारी होतंय!" सुहास केविलवाण्या आवाजात म्हणाला.

बाहेर यायला मी दिव्यांचं बटण दाबून ठेवलं आणि पुढचा गिअर टाकला. (पुढे, म्हणजे माझा हातखंडा!) चाकं रसात गरगर फिरली आणि सबंध कोळंबी उडून सुहासच्या अंगावर गेली, डोक्यापासून बुटांपर्यंत. पांढरा उजेड आणि वर काजूचा गोड रस! किड्यांनी दिवे सोडले आणि सुहासला धरलं. तो टेकडीवरून खाली पळत सुटला, आणि एक किलोमीटरचा उजेड असल्यामुळे आम्हाला तो शेवटपर्यंत स्वच्छ दिसला.

"आदी ते दिवे बंद कर," बाबा म्हणाले.

मी बटण बंद केलं आणि दिव्यांची वायरच उपटली. काळोख झाला, चांगला नेहमीचा काळोख, आणि हळूहळू झाडं, दगड, वाट, सगळं दिसू लागलं. बाबांनी चाकांखाली माडाची चुडतं घालायला लावली. मग ते मागे जाऊन उभे राहिले, धोतराचा सोगा खोचला, खाकरले.

"पुढे घे... हळू... मऊ पाय सोड... राव! आता परत. येव दी... येव दी..."

गाडी कोळंबीतून पाच मिनिटांत बाहेर आली. तंबूपाशी ती पाऊण तासाने लागली, कारण बाबांनी ती मला सात वेळा पुढे नेऊन सात वेळा मागे घ्यायला लावली. चौथ्या वेळेपासून ती बरोबर लागत होती, हे मी शपथेवर सांगतो. तरी मी घेत राहिलो. त्यांचा तो आवाज ऐकून मला इतकं बरं वाटत होतं, की त्यांनी सतरा वेळा घ्यायला लावली असती तरी मी घेतली असती.

पुरसोने मग कंदील धरून कोळंबीत पाहिलं. "मास्तरानू, आमी दोगां सकाळसून तुडवतो तेव्हा इतका होता. तुमी एका मिंटात केलात! पण ह्याचो हुर्राक पितलो कोण? टायराचो वास येतलो." सगळा रस फेकावा लागला. भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी नवी बोंडं मी आणि सुहासने अनवाणी तुडवली, दुपारपर्यंत. आणि दिवे पुरसोने मागून घेतले, झाडाखालची बोंडं पहाटे वेचायला. गजा काढायला आला तेव्हा "मी सांगलेलंय" असं तो एकदाही म्हणाला नाही. नुसती शीळ घालत होता, ते जास्त लागलं.

इथवर सगळं ठीक झालं असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. मी बाबांची माफी मागितली, तुमच्याशिवाय माझं चालत नाही असं तोंडाने म्हटलं, त्यांनीही "बरा, बरा" म्हणून ताटावर दोन टिचक्या मारल्या. पण पुरसोने चार बोटांची गोष्ट सगळ्या पार्सेत सांगितली. हंगामात त्या टेकडीवर पिकअप गाड्या चढतात, अरुंद वाट, वळायला जागा नाही, सगळ्यांना मागेच उतरावं लागतं. आता सकाळी आठला कुणीतरी स्कूटर घेऊन आमच्या दारात हजर असतो. बाबा टोपी घालतात, पाण्याची बाटली घेतात आणि जातात. गुडघ्यांबद्दल हल्ली एक अक्षर काढत नाहीत. घरी येतात ते संध्याकाळी, काजूचा वास घेऊन, खूष.

गेल्या रविवारी मी त्यांना म्हटलं, "बाबा, जीप अंगणात भिंतीला तोंड लावून उभी आहे. तेवढी बाहेर काढायला..."

त्यांनी खिशातून वही काढली, चष्मा लावला, पानं उलटली.

"उद्यां नाय. परवां पुरसोची दोन पिकप आसत. शनवारी बघूया. सांजच्या."

म्हणून गेले चार दिवस मी शाळेत बसने जातोय. मुलांना सांगितलंय, पर्यावरणासाठी.